पहिली लोकसभा आणि लेकीचा वांटा

इतिहासाचें पुस्तक उघडलें म्हणजे राजे, लढाया आणि तह यांचीच गर्दी दृष्टीस पडते. शाळेंत असतांना आम्हींही मुलांकडून सनावळ्या पाठ करवून घेतल्या. परंतु एखाद्या कायदेमंडळाच्या एका मुदतीलाही इतिहास असतो, आणि तो कित्येक लढायांच्या इतिहासाहून आपल्या घराच्या अधिक जवळचा असतो, ही गोष्ट क्रमिक पुस्तकांच्या कर्त्यांच्या ध्यानांत क्वचितच आलेली दिसते. लढाई सीमेवर होऊन तेथेंच मिटते. कायदा मात्र उंबरठा ओलांडून माजघरांत येऊन बसतो, आणि तो आल्याचें घरांतल्या माणसांस पुष्कळदां एक पिढी उलटल्यावर कळतें.

या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें भारताच्या पहिल्या लोकसभेचा, म्हणजे १९५२ ते १९५७ या पांच वर्षांचा, वृत्तांत ठेवीत आहों. त्या सभेनें अनेक मोठालीं कामें केलीं. त्यांपैकीं बहुतेकांचा निकाल केव्हांच लागला. परंतु एक काम असें आहे कीं, ज्याचा हिशेब आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांत अद्याप पुरा झालेला नाहीं. त्यासाठींच हा विषय आम्हीं निवडला आहे.

प्रथम ती सभा जन्मास कशी आली तें पाहूं. निवडणुकीचें पहिलें मत २५ ऑक्टोबर १९५१ रोजीं हिमाचल प्रदेशांतील चिनी तालुक्यांत पडलें. बर्फानें वाटा बंद होण्यापूर्वीं तेथील मतदान उरकणें भाग होतें. उरलेल्या देशाचें मतदान १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललें. मतदार १७ कोटी ३२ लाखांच्या आसपास होते, आणि त्यांतील बहुसंख्यांस अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तीवर त्याचें चिन्ह लावण्यांत आलें. एवढा पसारा मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं सांभाळला.

या मतदारयाद्या तयार होत असतां एक विलक्षण अडचण उभी राहिली. मुख्यत्वें उत्तरेकडील प्रांतांत लाखों स्त्रियांनीं परक्या पुरुषास स्वतःचें नांव सांगण्याचें नाकारलें. कोणी ‘अमक्याची आई’ म्हणून नोंद करविली, कोणी ‘तमक्याची बायको’ म्हणून. सेन यांनीं अशी नोंद चालणार नाहीं असा निर्णय दिला, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गळालीं. हा निर्णय त्या वेळीं कित्येकांस कठोर वाटला असेल. परंतु पुढील निवडणुकीपर्यंत बऱ्याच बायकांनीं आपलीं नांवें सांगितलीं. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. स्त्रीचें नांव सरकारी कागदावर येणें व न येणें, या प्रश्नाशीं आपल्यास पुढें पुन्हां गांठ घालावी लागणार आहे.

निवडून द्यावयाच्या जागा ४८९ होत्या. काँग्रेस पक्षास ३६४ मिळाल्या. विरोधकांत सर्वांत मोठा गट कम्युनिस्टांचा, आणि तोही अवघ्या १६ जणांचा. संख्या थोडी असली तरी माणसें भारी होतीं. ए. के. गोपालन, श्यामाप्रसाद मुखर्जी, हिरेन मुखर्जी, शास्त्रज्ञ मेघनाद साहा अशीं मंडळी समोरच्या बाकांवर होती. आपल्याकडून पुण्याचे काकासाहेब गाडगीळ, कुलाब्यांतून चिंतामणराव देशमुख, सोलापुरांतून शंकरराव मोरे, जळगांवांतून हरि विनायक पाटसकर, आणि पुण्याच्या दक्षिण भागांतून श्रीमती इंदिराबाई मायदेव अशा व्यक्ति तेथें गेल्या. स्त्री-सभासद पंचविसांच्या आंतच होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा मात्र मुंबईंत पराभव झाला, व ते राज्यसभेंत गेले. ज्या कायद्यासाठीं त्यांनीं मंत्रिपद सोडलें तो पुढें लोकसभेंत मंजूर झाला तेव्हां ते त्या सभागृहांत नव्हते. तो प्रसंग पुढें येईल.

सभेची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजीं झाली. दोनच दिवसांनीं अध्यक्षाची निवड व्हावयाची होती. या जागेसाठीं उभे राहिलेले दोन्ही गृहस्थ मराठी बोलणारे होते ही गोष्ट आज फारशी कोणास ठाऊक नाहीं. एक गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर. यांचें मूळ घराणें रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंग्याचें, जन्म बडोद्याचा, आणि वकिली व सार्वजनिक कार्य अहमदाबादेंत. दुसरे शेतकरी कामकरी पक्षाचे शंकर शांताराम मोरे. मावळंकरांस ३९४ मतें पडलीं व विरुद्ध ५५. स्वतः मोरे यांनीं आपलें मत प्रतिस्पर्ध्यास दिलें. उमेदवारानें स्वतःस मत देऊं नये हा सभ्यपणाचा संकेत त्यांनीं पाळला. हल्लींच्या निवडणुका पाहणाऱ्या तरुण वाचकांस ही हकीकत पुराणांतली वाटेल, परंतु ती १९५२ सालची आहे.

मावळंकरांनीं त्या सभेस वळण लावलें. मुंबईच्या विधानसभेचें अध्यक्षपद त्यांनीं १९३७ पासून सांभाळलें होतें, व १९४६ पासून दिल्लीच्या मध्यवर्ती सभेचें. त्यामुळें अनुभवाची शिदोरी मोठी होती. मंत्री सभागृहांत ‘चौकशी करूं’, ‘विचार करूं’ असें सांगतात आणि पुढें विसरतात, हा प्रकार त्यांच्या नजरेंतून सुटला नाहीं. रडणाऱ्या मुलास ‘उद्यां आणूं’ म्हणून गप्प बसविणारी वडील माणसें आपल्या घरींही असतात. मावळंकरांनीं १९५३ सालीं आश्वासनांची एक स्वतंत्र समिति नेमली; दिलेलें प्रत्येक वचन पुरें झालें कीं नाहीं हें तपासणें एवढेंच तिचें काम. वटहुकूम काढून सभेस वळसा घालण्याच्या रीतीविषयीं त्यांनीं पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांस पत्रें लिहून नापसंती कळविली. १९५४ च्या डिसेंबरांत खुद्द त्यांनाच पदावरून दूर करण्याचा ठराव विरोधकांनीं आणला; त्यावर सभेंत रीतसर चर्चा झाली, आणि मग तो फेटाळला गेला. अध्यक्षावरही आरोप करतां येतो व त्याची चर्चा शांतपणें होऊं शकते, हा धडाही त्या सभेनेंच घालून दिला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजीं अहमदाबादेस मावळंकर वारले, व त्यांच्या जागीं अनंतशयनम् अय्यंगार आले.

पांच वर्षांत ही सभा ६७७ दिवस भरली. १९५४ च्या मे महिन्यांत तिनें ‘लोकसभा’ हें देशी नांव धारण केलें. १९५५ सालीं इंपीरिअल बँकेची स्टेट बँक झाली. त्याच वर्षीं अस्पृश्यता पाळणें हा शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरला. १९५६ सालीं आयुर्विम्याचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा झाला, नवा कंपनी कायदा आला, आणि भाषावार राज्यरचनेचा कायदाही आला. या शेवटल्या प्रकरणांत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं मंत्रिपद सोडलें. तो इतिहास मराठी वाचकांस तोंडपाठ आहे, म्हणून त्याचा विस्तार आम्ही येथें करीत नाहीं. आपल्यास पाहावयाचें आहे तें हिंदु कायद्याचें प्रकरण.

या प्रकरणाचें मूळ फार जुनें आहे. अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधीस कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास विज्ञानेश्वर नांवाचे यति होते. त्यांनीं याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिली. वडिलोपार्जित संपत्तींत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हा त्यांचा सिद्धांत. पाळण्यांतल्या मुलाचाही वांटा असतो असें आपण म्हणतों तें विज्ञानेश्वरांस अनुसरूनच म्हणतों. बंगाल्यांत जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ चाले; त्याच्या मतें बाप जिवंत असेतों मुलास हक्क नाहीं. हिंदुस्थानच्या बहुतेक प्रांतांत मिताक्षरेचाच अंमल राहिला. या योजनेंत जन्मानें हक्क मिळे तो पुत्र, पौत्र व प्रपौत्र यांस. मुलगी त्या वर्तुळाच्या बाहेर राहिली.

तथापि आपल्या मुंबई इलाख्यांत स्थिति थोडी निराळी होती, ही गोष्ट आम्हांस मुद्दाम सांगावीशी वाटते. मूळच्या पैठणच्या व काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें प्रमाण मानीत. या परंपरेंत, मुलगा व विधवा नसतां इस्टेट कन्येकडे गेली किंवा भावामागें बहिणीकडे आली, तर ती पूर्ण मालकीनें येई. इतर प्रांतांत तिला हयातीपुरता उपभोग तेवढा मिळे. विकण्या-देण्याचा अधिकार नसे. म्हणजे कन्येचा हक्क ही परदेशांतून आणलेली कल्पना नव्हे. आपल्या शास्त्रकारांत तिची चर्चा होती, आणि आपल्या भागांत तिला थोडीबहुत मान्यताही होती. मात्र भाऊ जिवंत असतां तिच्या वांट्यास कांहीं येत नसे, हेंही तितकेंच खरें.

इंग्रजी अमदानींत मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनीं १९३७ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत एक कायदा मंजूर करून घेतला. त्यानें विधवेस नवऱ्याच्या वांट्यावर हक्क मिळाला, परंतु तोही हयातीपुरता. पुढें बेनेगल नरसिंह राव यांची समिति नेमली गेली. १९४४ सालीं तिची पुन्हां स्थापना झाली तेव्हां पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे तींत होते. धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ संपादून त्यांचीं भाषांतरें करण्यांत ज्यांची हयात गेली तेच नव्या कायद्याच्या मसुद्यास हात लावीत होते. यावरून शास्त्राचा अभ्यास व सुधारणा यांचें वैर असलेंच पाहिजे असें नाहीं, हें दिसून येतें. या मसुद्यांत मुलीस मुलाच्या निम्मा वांटा होता. डॉ. आंबेडकर कायदेमंत्री झाल्यावर तो बरोबरीचा झाला, आणि जन्मसिद्ध हक्काची जुनी व्यवस्थाच काढून टाकण्याचें ठरलें. परंतु विरोध इतका झाला कीं, १९५१ च्या सप्टेंबरांत थोडींच कलमें पुरीं होऊन चर्चा थांबली, व आंबेडकरांनीं राजीनामा दिला.

मग निवडणूक आली. अलाहाबादकडील मतदारसंघांत प्रभुदत्त ब्रह्मचारी नांवाचे साधु नेहरूंच्या विरुद्ध उभे राहिले, ते केवळ या हिंदु कायद्यास विरोध करण्यासाठीं. नेहरू मोठ्या मताधिक्यानें निवडून आले. एका मतदारसंघावरून साऱ्या देशाचा कौल ठरतो असें नाहीं. तरी आतां सभेची पाठ बळकट झाली. सरकारनें युक्ति अशी केली कीं, एका मोठ्या मसुद्याचे तुकडे केले. १९५५ च्या मे महिन्यांत हिंदु विवाहाचा कायदा झाला; १९५६ च्या जूनमध्यें वारसाचा, ऑगस्टमध्यें अज्ञानपालनाचा, व २१ डिसेंबर १९५६ रोजीं दत्तक व पोटगीचा. हा शेवटला कायदा झाला त्याच्या पंधरा दिवस आधीं, ६ डिसेंबरास, डॉ. आंबेडकरांचें निधन झालें होतें.

लोकसभेंत विवाहाचें व वारसाचें विधेयक पुढें नेण्याचें काम पाटसकरांकडे आलें. हे इंदापूरचे, वकिली चाळीसगांवची. भाषण आवेशाचें नव्हे, पण चिकाटी मोठी. विवाहाच्या कायद्यानें एकपत्नीव्रत साऱ्या देशास लागू केलें व काडीमोडीची वाट उघडली. आपल्या मुंबई प्रांतांत द्विभार्याबंदी १९४६ सालीं व घटस्फोट १९४७ सालींच आला होता, त्यामुळें येथें त्याचा गवगवा कमी झाला. सगोत्राची आडकाठी गेली. सपिंडाची राहिली, परंतु ती पित्याकडून पांच व मातेकडून तीन पिढ्यांपुरती. या कायद्यावर जितका वाद झाला त्याहून खरी झोंबी वारसाच्या कायद्यावर झाली.

विरोध करणाऱ्यांत हिंदुमहासभेचे निर्मलचंद्र चतर्जी यांच्यासारखे निष्णात कायदेपंडित होते, विष्णु घनश्याम देशपांडे यांच्यासारखे मराठी सभासद होते, आणि खुद्द काँग्रेस पक्षांतही मनांतून नाराज असलेले पुष्कळ होते. त्यांचे आक्षेप सर्वच टाकाऊ होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. जमिनीचे आधींच तुकडे होत आहेत, त्यांत आणखी भर पडेल. जांवई घरांत वाटेकरी म्हणून शिरेल. बहीण-भावांच्या प्रेमांत कोर्टकचेरी येईल. आणि कायदा करावयाचा तर तो सर्व धर्मांच्या लोकांस एकच कां नाहीं? हे ते प्रश्न होत. यांतला शेवटला प्रश्न सरळ होता, व त्याचा वाद आजही चालू आहे. परंतु पहिल्या तिहींचें उत्तर आपल्या घरांतच सांपडतें. चार मुलगे असले म्हणजे जमिनीचे चार तुकडे होतात, तेव्हां कोणी मुलगे नकोत असें म्हणत नाहीं. सून आपल्या माहेरचा वांटा घेऊन आली तर तिला कोणी उंबऱ्यावरून परत लावीत नाहीं; मग आपल्या लेकीचा वांटा दुसऱ्याच्या घरीं जातो याचेंच दुःख कां व्हावें? आणि बहीण-भावांचें प्रेम जर तिनें कांहीं न मागण्यावरच उभें असेल, तर त्याची पारख एकदां होऊन जाणेंच बरें.

१७ जून १९५६ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळून हा कायदा अमलांत आला. त्यांत दोन फार मोठ्या गोष्टी होत्या. पहिली, बापाच्या स्वकष्टार्जित संपत्तींत, त्यानें मृत्युपत्र केलें नसेल तर, मुलगा, मुलगी, विधवा व आई यांस सारखा वांटा. दुसरी गोष्ट चौदाव्या कलमाची. स्त्रीच्या ताब्यांतील मिळकत, मग ती कायद्यापूर्वीं मिळालेली असो वा नंतर, तिच्या पूर्ण मालकीची झाली. हयातीपुरत्या उपभोगाचें बंधन साधारणपणें सुटलें. आलवण नेसून माजघराच्या कोपऱ्यांत आयुष्य काढणाऱ्या किती विधवांच्या नांवचे तुकडे या एका कलमानें खरोखर त्यांचे झाले, याची कल्पना जुन्या घरांतील लोकांस सांगावयास नको.

परंतु विरोध मोडतांना सभेस देवघेव करावी लागली, व ती लेकीच्या पदरावर झाली. वडिलोपार्जित संपत्तींतील मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवण्यांत आला. त्याचा परिणाम काय झाला हें एका लहानशा उदाहरणानें सांगतों. समजा, एका विधुर गृहस्थास एक मुलगा व एक मुलगी; मिळकत सोळा आणे, सारी वडिलोपार्जित. गृहस्थ वारले. प्रथम बाप व मुलगा यांची वांटणी झाली असें मानावयाचें. आठ आणे मुलाचे, आठ आणे बापाचे. मग बापाच्या आठ आण्यांत मुलगा व मुलगी सारखे वाटेकरी. चार आणे त्याला, चार तिला. एकूण मुलास बारा आणे आणि मुलीस चार. बापानें आपले आठ आणेही मृत्युपत्रानें मुलाच्या नांवें केले असते, तर त्यास कायद्याची आडकाठी नव्हती. मग तिचे चार आणेही गेले. याखेरीज तेविसावें कलम होतें. त्याप्रमाणें राहत्या घराची वांटणी मुलीस मागतां येत नसे, भाऊ ती करतील तेव्हांच ती व्हावयाची. आणि त्या घरांत राहण्याचा हक्क कन्येस असे तो ती अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून दुरावलेली असेल तरच.

म्हणून या सभेनें दार उघडलें, परंतु अडसर आंतल्या बाजूस ठेवून दिला, असें म्हणावें लागतें. तरीही तिला नांवें ठेवण्यास आमचें मन घेत नाहीं. तडजोड केली नसती तर कदाचित् १९५१ प्रमाणेंच सारें अडून बसलें असतें. संपूर्ण कायदा हवा म्हणून अडून बसणारे व कांहींच नको म्हणणारे यांच्यामधून पाटसकरांस वाट काढावयाची होती. पांच वर्षांची मुदत संपून ४ एप्रिल १९५७ रोजीं ती लोकसभा विसर्जित झाली. जेवढें जमलें तेवढें करून तिनें उरलेलें काम पुढच्यांकडे सोंपविलें.

पुढच्यांनीं तें करण्यास फार वेळ लावला. केरळानें १९७५ सालीं एकत्र कुटुंबाची जन्मसिद्ध हक्काची पद्धतिच रद्द केली. आंध्र प्रदेशानें १९८६ सालीं मुलीस सहदायाद केलें. १९९४ सालीं महाराष्ट्र व कर्नाटक यांनींही तसेंच केलें. मात्र त्यापूर्वीं ज्यांचीं लग्नें झालीं होतीं त्या मुलींस वगळलें. अखेरीस ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशांत मुलगी ही मुलाप्रमाणेंच जन्मतः वांटेकरी झाली, आणि तेविसावें कलम निघालें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्यांस मात्र हात लावलेला नाहीं. बाप २००५ पूर्वीं वारला असला तरी काय, हा वाद उरला होता. तोही ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मिटविला, आणि बाप त्या दिवशीं हयात असण्याची अट नाहीं असें सांगितलें. १९५६ पासून मोजलें तर अडसर निघण्यास एकूणपन्नास वर्षें लागलीं, आणि शेवटली शंका फिटण्यास चौसष्ट.

आतां कायद्यांत लेकीचें नांव आलें. पण घरच्या कागदांवर आलें काय? वाचकहो, येथें आम्ही आपल्याच घरांविषयीं बोलत आहों. वडील वारतात, दिवस होतात, आणि वारसनोंदीची वेळ येते. बहिणींस बोलावणें जातें. जेवणावळ होते, साडी-चोळी होते, आणि पानसुपारीच्या आगेमागें हक्कसोडपत्राचा कागद पुढें येतो. भाऊ म्हणतो, ‘ताई, नुसती रीत आहे, येथें सही कर.’ ताईनें तो कागद वाचलेला नसतो. वाचला तर भाऊ दुखावेल, वहिनीचा चेहरा उतरेल, आणि माहेरचें दार बंद होईल, हें भय तिच्या मनांत असतें. ती सही करते. तलाठ्याच्या दप्तरांत फेरफार होतो, आणि सातबाऱ्यावर तिचें नांव आलें असेल तर तें निघतें. १९५१ सालीं बायकांनीं लाजेनें नांव सांगितलें नाहीं. आज नांव सांगितलेलें असतांना भिडेनें खोडविलें जातें.

यावर भाऊ म्हणवणारांचें एक ठरलेलें उत्तर असतें : ‘तिच्या लग्नांत आम्हीं काय कमी खर्च केला?’ खर्च झाला असेल, नाहीं असें नाहीं. परंतु तो मांडवावर, पंगतींवर व मानपानावर झाला. त्यांतला किती तिच्या हातीं राहिला याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. आणि मुलाच्या शिक्षणावर, नोकरीसाठीं, प्रसंगीं परदेशीं पाठविण्यासाठीं जें घरांतून गेलें तें त्याच्या वांट्यांतून वजा केल्याचें ऐकिवांत नाहीं.

सर्वच बहिणींनीं वांटा घ्यावा असा आमचा आग्रह नाहीं. कोणाची स्थिति उत्तम असेल, भाऊ अडचणींत असेल, आईवडिलांची सेवा त्यानेंच केली असेल. अशा बहिणीनें मनापासून हक्क सोडला तर त्यासारखें सुंदर दान नाहीं. परंतु दान तें, कीं जें देणाऱ्यास ‘हें माझें आहे’ असें ठाऊक असतांना दिलें जातें. आपलें काय आहे हेंच जिला कोणी सांगितलें नाहीं, तिच्याकडून घेतलेल्या सहीस दान म्हणतां यावयाचें नाहीं. यास्तव वडीलधाऱ्यांस आमची विनंति अशी आहे. कागद आधीं पाठवा. त्यांत कोणती जमीन, कोणतें घर, किती वांटा, हें तिच्या भाषेंत लिहा. तिच्या ओळखीच्या वकिलास तो दाखविण्यास तिला महिनाभर अवकाश द्या. सहीचा दिवस आणि सणाचा दिवस एक करूं नका. त्यानंतरही तिनें सोडलें तर तिचें नांव घरांत आदरानें घ्या. आणि न सोडलें तर पुढच्या भाऊबीजेस तिचें पान पूर्वीच्याच जागीं मांडा.

ज्या गोल इमारतींत पहिल्या लोकसभेनें हा कायदा केला, तेथून लोकसभेचें कामकाज २०२३ सालीं नव्या वास्तूंत गेलें. मावळंकर, मोरे, पाटसकर, देशमुख, मायदेव हीं सारीं माणसें केव्हांच काळाच्या पडद्याआड गेलीं. त्यांच्या सभेचें अपुरें राहिलेलें काम पुढच्या सभांनीं व न्यायालयांनीं पुरें केलें. आतां जें उरलें आहे तें करण्यास दिल्लीस जावें लागत नाहीं. घरांतली लोखंडी पेटी उघडून जुने कागद बाहेर काढले, आणि लेकीबाळींस समोर बसवून ते मोठ्यानें वाचले, म्हणजे पुरें आहे.